बोअरमधे किंवा विहिरीत कॅमेरा सोडून आत काय चाललंय ते बघायचं कसं

पाणी कमी झालं, अचानक लालसर यायला लागलं, वास मारतोय, मोटर वाळू खेचतेय किंवा वर काढताना मधेच अडकलीय, असं काही झालं की सगळे अंदाज बांधायला लागतात आणि त्या अंदाजावरच काम सुरू होतं. कोणी म्हणतं गाळ भरला, कोणी म्हणतं केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार द्यायला आत बसवलेला पाईप) फुटलं, कोणी म्हणतं अजून खोल मारा. आत बघितल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आता साध्या कॅमेऱ्यानेही बरंच बघता येतं. मात्र दोन गोष्टी आधीपासून डोक्यात पक्क्या ठेवा. एक म्हणजे व्हिडिओत जे दिसतंय ते किती मीटरवर दिसतंय हे कळलं नाही तर त्या व्हिडिओचा काडीचा उपयोग नाही, आणि दुसरी म्हणजे हे पिण्याचं पाणी आहे, आत जाणारी प्रत्येक वस्तू त्या पाण्यात बुडणार आहे. खालची सगळी खटपट या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी प्रश्न ठरवा

कागदावर एकच प्रश्न लिहा. केसिंगच्या जॉईंटमधून वरचं पाणी आत झिरपतंय का? केसिंग जिथे संपतं तिथे फट आहे का? पाणी नक्की कोणत्या खोलीवरून येतंय? खाली पडलेल्या मोटरचं तोंड कसं आहे? या प्रश्नावरूनच ठरतं की कॅमेरा सरळ खाली बघणारा हवा का बाजूला बघणारा, आणि आतली मोटर काढायची का नाही.

काही प्रश्नांना तर कॅमेरा लागतच नाही. पाण्याची पातळी मोजायची तर स्टीलच्या टेपच्या खालच्या मीटरभर भागाला खडू घासा, टेप पाण्यात जाईल इतकी सोडा, वर काढा, जिथपर्यंत खडू भिजलाय तिथे रेघ स्पष्ट दिसते, काठावरच्या आकड्यातून भिजलेला भाग वजा केला की पातळी आली. गाळ किती भरलाय हे टेपच्या टोकाला वजन बांधून तळ शोधला की कळतं, बोअर मारताना लिहून ठेवलेल्या खोलीतून तो आकडा वजा करा. आणि कडक उन्हात एक साधा आरसा घेऊन सूर्याचा कवडसा बोअरमधे सरळ खाली पाडला तर पाण्यापर्यंतचं केसिंग, त्यावरचे ओघळ, आत घुसलेली मुळं हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. बोअर सरळ असेल तर हा कवडसा चांगला खोल जातो, टॉर्चपेक्षा कितीतरी भारी दिसतं, म्हणून कॅमेऱ्याला हात लावण्याआधी हे नक्की करून बघा.

स्वतः आत उतरायचं नाही

हा विषय कॅमेऱ्याचा असला तरी हे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बघायचंय म्हणून विहिरीत उतरू नका, डोकंही आत घालू नका. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली गेला की ती हवा धोक्याची धरतात. विहिरीत कार्बन डायऑक्साईड साचतो, काही ठिकाणी मिथेन असतो, काही ठिकाणी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड, आणि हा शेवटचा फार वाईट कारण साधारण १०० पीपीएमला (दहा लाख भागांत १०० भाग) पोचला की नाकाला वासच येईनासा होतो, माणसाला वाटतं गॅस गेला. दिवा सोडून बघायची पद्धत अजिबात भरवशाची नाही, ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनपर्यंत जळत राहते, विषारी गॅस तिला कळत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडेल. एक जण आत कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा घटना पुन्हा पुन्हा घडतात.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बाहेर हवेचा दाब उतरला, म्हणजे वादळी ढगाळ हवामान आलं, की विहीर आतली हवा बाहेर सोडते, आणि दाब चढला की आत ओढते. त्यामुळे असल्या दिवशी झाकण उघडून तोंडाशी वाकून बसायचं नाही. स्वच्छ, कोरडा, स्थिर हवेचा दिवस निवडा.

कॅमेरा कोणता घ्यायचा

मोबाईलला जोडायचा वायरवाला एंडोस्कोप सगळ्यात आधी डोळ्यासमोर येतो. छोट्या कामाला ठीक आहे, पण त्याचा फोकस बहुतेक वेळा काही सेंटीमीटरवरच असतो, लांबची भिंत धूसर दिसते. शिवाय साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच नीट चालते, पुढे मधे सिग्नल वाढवणारी ॲक्टिव्ह केबल लागते. आणि त्यावर छापलेलं आयपी ६७ (वस्तू धूळ-पाणी किती अडवते याचा दर्जा) म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, एवढंच. आयपी ६८ लिहिलं असेल तर किती खोलीपर्यंत ते बनवणाऱ्याने वेगळं सांगितलेलं असतं, ते शोधून वाचा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. दर १० मीटर पाण्याला साधारण १ बार दाब वाढतो, म्हणजे ६० मीटर पाण्याखाली ३० मिलिमीटर व्यासाच्या काचेवर जवळपास ४० किलोचा भार पडतो. इथे खोली म्हणजे पाण्याखालची खोली बरं का, जमिनीपासूनची नाही. पाणी ४० मीटरवर लागत असेल आणि ७० मीटरपर्यंत बघायचं असेल तर कॅमेऱ्यावर दाब फक्त ३० मीटरचाच येणार.

ॲक्शन कॅमेऱ्याचं चित्र उत्तम येतं. बरेचसे १० मीटरपर्यंत तसेच चालतात, पुढे डायव्हिंगचं हाऊसिंग, म्हणजे कॅमेरा ठेवायची पाणी न शिरणारी पेटी, लागतं. पण वायफाय पाण्यातून जात नाही, काही सेंटीमीटरमधेच सिग्नल मरतो, त्यामुळे खाली काय दिसतंय ते वर आल्यावरच कळणार. लाईव्ह दिसत नसताना अरुंद बोअरमधे वस्तू सोडणं मला पटत नाही, रुंद उघड्या विहिरीला मात्र हा कॅमेरा छान.

घरगुती कामासाठी मला सगळ्यात पटलेला प्रकार म्हणजे मासेमारीवाले वापरतात तो पाण्याखालचा कॅमेरा. केबलवर लाईव्ह चित्र, छोटा मॉनिटर, स्वतःचे एलईडी, आणि तो मुळात पाण्यात बुडण्यासाठीच बनवलेला. घेताना बघा की केबल पुरेशी लांब आहे, रेकॉर्डिंग होतं, लाईट कमीजास्त करता येतो आणि त्याचं डोकं तुमच्या बोअरमधून आरामात जातं. ड्रेनेज लाईन तपासायचा कॅमेराही चालतो, पण जो एकदा सांडपाण्यात गेलाय तो पिण्याच्या विहिरीत घालायचा नाही, कितीही धुतला तरी. भाड्याने आणणार असाल तर हे विचारून घ्याच.

खोल बोअर असेल, ६०-७० मीटर पाण्याखाली जायचं असेल किंवा भिंत बाजूने फिरून बघायची असेल तर सरळ व्यावसायिक बोअर कॅमेरावाल्याला बोलवा. त्यांच्याकडे खाली आणि बाजूला दोन्हीकडे बघणारं, मोटरने गोल फिरणारं डोकं असतं आणि स्क्रीनवर खोली आपोआप येते. तरी पुढचं वाचून ठेवा, त्यांच्याकडून काम करून घेतानाही उपयोगी पडेल.

जुळणी

कॅमेरा त्याच्या सिग्नल केबलवर लटकवायचा नाही हा पहिला नियम. वजन पेलायला वेगळी दोरी, आणि ती न ताणणारी. नायलॉन ताणतं आणि पाणीही पितं, त्यामुळे खोलीचा आकडा चुकतो, विणलेली पॉलिस्टर दोरी किंवा बारीक स्टेनलेस वायररोप बरा. केबल दोरीला दर मीटर-दीड मीटरवर टेपने बांधत जायची, बांधताना केबल किंचित सैल ठेवायची म्हणजे ताण फक्त दोरीवर येतो. टेपची टोकं लोंबकळत ठेवू नका, गुळगुळीत दाबून टाका, कारण आत जे काही बाहेर आलेलं असेल ते नेमकं त्यातच अडकणार.

दोरीवर खोलीच्या खुणा करा. दर मीटरला एक रंग, दर ५ मीटरला दुसरा, दर १० ला तिसरा आणि सोबत आकडा. शून्य कुठे? कॅमेऱ्याची काच केसिंगच्या काठाला टेकवा, त्यावेळी दोरीचा जो भाग काठावर येतो तो शून्य. केसिंग जमिनीच्या किती वर आलंय तेही मोजून लिहून ठेवा, नाहीतर पुढे कोणी जमिनीपासून मोजेल कोणी काठापासून आणि अर्ध्या मीटरचा घोळ कायमचा राहील.

कॅमेरा हलका असेल तर पाण्यात तरंगतो किंवा तिरका होतो, खाली वजन हवं. शिसं वापरायचं नाही. स्टेनलेस स्टीलचा गुळगुळीत तुकडा घ्या. मी तर वजनाला जोडूनच कॅमेऱ्याच्या समोर २०-३० सेंटीमीटर पुढे येणारी एक बारीक स्टेनलेस सळई लावायला सांगेन, तिच्यावर दर सेंटीमीटरला खाच. तिचे दोन उपयोग, चित्रात माप मिळतं आणि तळाला आधी सळई टेकते, काच गाळात जात नाही. माप लागतंच, कारण पाण्यात सपाट काचेतून बघताना वस्तू साधारण पाव अंतर जवळ आणि साधारण एक तृतीयांश मोठी भासते, ५ मिलिमीटरची फट भलीमोठी वाटते आणि माणूस उगाच घाबरतो.

अरुंद बोअरमधे कॅमेरा मधोमध राहायला हवा, नाहीतर एकीकडची भिंत जळल्यासारखी पांढरी आणि दुसरीकडची काळी. लवचिक प्लास्टिकच्या तीन पट्ट्या धनुष्यासारख्या वाकवून कॅमेऱ्याभोवती बसवा, दोन्ही टोकं अंगाला बांधलेली, म्हणजे खाली जाताना आणि वर येतानाही त्या दबून सरकतात. वरच्या बाजूला कुठलाही सपाट खांदा राहता कामा नये. खाली जाताना बहुतेक काही अडत नाही, अडतं ते वर येताना, म्हणून वरचा भाग शंकूसारखा निमुळता करा.

लाईटबद्दल थोडं सविस्तर सांगतो. लेन्सभोवतीच गोल एलईडी असले की पाण्यातले कण समोरून उजळतात आणि स्क्रीनवर नुसतं पांढरं धुकं दिसतं. माणूस मग लाईट अजून वाढवतो आणि धुकं अजून दाट होतं. करायचं उलटं, स्वतःचा लाईट कमी करायचा आणि दुसरा छोटा वॉटरप्रूफ लाईट लेन्सपासून जरा बाजूला किंवा पुढे खाली, भिंतीकडे तोंड करून लावायचा. पाण्याच्या वरच्या कोरड्या भागात मात्र, खासकरून काळ्या पडलेल्या लोखंडी केसिंगमधे, भरपूर लाईट लागतो. सगळे लाईट बॅटरीवरचे घ्या, घरच्या करंटची वायर विहिरीत सोडायची नाही म्हणजे नाही.

कोरडी रंगीत तालीम

हाऊसिंग वापरणार असाल तर आधी कॅमेरा न ठेवता आत नुसता टिश्यू पेपर ठेवून ते पूर्ण खोलीपर्यंत सोडा आणि वर काढा. टिश्यू कोरडा तर हाऊसिंग बरोबर. हाऊसिंगच्या ओ-रिंगवर (झाकण घट्ट बंद करणारी रबरी कडी) एक केस किंवा वाळूचा एक कण असला तरी पाणी शिरतं, प्रत्येक वेळी बोट फिरवून बघा. मग सगळी जुळणी स्वच्छ पाण्याच्या पिंपात सोडून चित्र, लाईट, रेकॉर्डिंग, मेमरी कार्ड, बॅटरी तपासा. कॅमेऱ्यात सोय असेल तर फोकस आणि व्हाईट बॅलन्स लॉक करा, नाहीतर प्रत्येक तरंगत्या कणावर फोकस पळत राहतो.

विहिरीची तयारी

विहीर उघडण्याच्या आधी, नळाला येतंय तेच पाणी नमुना म्हणून भरून तपासणीला द्या. नंतर तुलना करायला हाच एक पुरावा असतो.

मोटरचा मेन स्विच आणि एमसीबी बंद करा, ऑटो स्टार्टर असेल तर तोही, आणि कोणी चुकून चालू करणार नाही अशी कुलूप किंवा चिठ्ठीची व्यवस्था करा. कॅमेरा आत असताना मोटर सुरू झाली तर केबल ओढली जाईल, आणि जुनी मोटर केबल कुठे सोललेली असेल तर त्याच पाण्याला तुमची ओली दोरी आणि हात लागलेत.

मोटर आत ठेवून बघायचं का काढून, हा सगळ्यात मोठा निर्णय. ६ इंची बोअरमधे कॉलम पाईपच्या (मोटरपासून पाणी वर आणणारा पाईप) बाजूने छोटा कॅमेरा जातो, पण पाईप, मोटरची केबल, सेफ्टी दोरी या सगळ्यात तो गुंतायची भीती कायम असते, आणि मोटरच्या पलीकडे जाणं तर बहुतेक अशक्य. ४ इंची सबमर्सिबल (पाण्यात बुडालेली राहणारी मोटर) साधारण ९५ ते १०० मिलिमीटर जाड असते, साडेचार इंची बोअरमधे तिच्या चारही बाजूंना मिळून जेमतेम दीड सेंटीमीटर उरतं. म्हणून माझा सल्ला असा, पाण्याच्या वरचंच केसिंग बघायचं असेल तर मोटर राहू द्या, पाण्याखाली जायचं असेल तर मोटर काढायचं काम तसंही कधी करायचं असेल त्याच वेळी कॅमेरा सोडा.

मोटर काढली की पाणी ढवळून गढूळ होतं, मग थांबावं लागतं. किती? ०.०२ मिलिमीटरचा गाळाचा कण स्थिर पाण्यात तासाला साधारण सव्वा मीटर खाली जातो, म्हणजे ३० मीटर पाणी एका दिवसात निवळतं. पण ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण दिवसाला जेमतेम ३० सेंटीमीटर. म्हणून एक-दोन दिवस थांबून निवळलं तर निवळलं, नाहीतर नुसतं थांबत बसण्यात अर्थ नसतो. तेव्हा पिण्याच्या दर्जाचं स्वच्छ पाणी पाईपने हळूहळू वरून सोडत राहिलं तर ते गढूळ पाण्याला खाली आणि फटींमधे ढकलतं आणि कॅमेऱ्याभोवती स्वच्छ खांब तयार होतो. टाक्यातलं कुठलंही पाणी यासाठी वापरू नका.

आता स्वच्छता. कॅमेरा, वजन, पट्ट्या, दोरी आणि पूर्ण केबल आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि चांगली खळबळून काढा, कारण मळ असला की क्लोरीन त्या मळावरच खर्च होतं. मग ५ टक्क्यांच्या आसपासचं साधं, वास न घातलेलं सोडियम हायपोक्लोराईट १५ मिली, ४ लिटर स्वच्छ पाण्यात, हे साधारण २०० पीपीएम होतं. त्याने सगळं पुसून काही मिनिटं ओलंच राहू द्या, मग पिण्याच्या पाण्याने धुवा. यानंतर दोरी जमिनीवर टाकायची नाही, स्वच्छ टबमधे गुंडाळून ठेवायची आणि त्यातूनच सोडायची. ब्लीचमधे ॲसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी गॅस होतो.

तोंडाभोवती झाडून घ्या, झाकणावरची माती बाजूला करा आणि मगच झाकण उघडा. वरच्या खिशातला मोबाईल, पेन, चष्मा, पाना, सगळं काढून ठेवा किंवा दोरीने बांधा. लहान मुलं लांब, आणि उघडं तोंड क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

सोडायला सुरुवात

दोन माणसं हवीत, एक दोरीवर आणि एक स्क्रीनवर. तोंडावर तिकाटणं आणि कप्पी असेल तर उत्तम, नाहीतर केसिंगच्या धारदार काठावर जाड रबर किंवा पाईपचा चिरलेला तुकडा बसवा म्हणजे केबल कापली जाणार नाही. दोरीचं वरचं टोक कशाला तरी पक्कं बांधा, आणि हे पहिलं करा, शेवटी नाही. केसिंगच्या काठावर उत्तर दिशेची खूण करा.

रेकॉर्डिंग चालू करून सुरुवातीला तारीख आणि विहिरीचं नाव लिहिलेला कागद कॅमेऱ्याला दाखवा. मग शून्यावरून खाली, मीटरभर जायला १० ते १५ सेकंद इतक्या सावकाश. दोरीवाला प्रत्येक मीटरला आकडा मोठ्याने बोलणार, स्क्रीनवाला वेळ आणि दिसलेलं वहीत लिहिणार. रेकॉर्डिंगला आवाज नसेल तर बाजूला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि दोन्ही एकाच क्षणी चालू करा. खाली जातानाचंच चित्र खरं धरा, कारण वर येताना कॅमेरा आणि दोरीने भिंतीचे पापुद्रे पाडलेले असतात, सगळं धुरकट होतं.

कॅमेरा गोल फिरायला लागला तर थांबा, पीळ निघू द्या, मग पुढे. काचेवर वाफ धरली तर घाई नको, कॅमेरा आतल्या हवेच्या तापमानाला आला की बहुतेक वेळा वाफ जाते. पाण्याच्या पातळीला पोचल्यावर मुद्दाम थांबा. वर तेलकट तवंग दिसतो का ते बघा, तेल भरलेल्या मोटरचं सील गेलं की तेल तिथे येऊन साचतं. मग कॅमेरा दोन-तीनदा हलकेच खालीवर करा म्हणजे काचेला चिकटलेले बुडबुडे आणि तरंगता कचरा निघून जातो.

थांबायच्या जागा ठरलेल्या: प्रत्येक जॉईंट, रंग बदलला तिथे, केसिंगचं खालचं टोक, प्रत्येक फट, आणि तळ. तळ जवळ आला की सेंटीमीटर-सेंटीमीटरने, सळई टेकली की थांबा. धपकन टेकलं तर गाळाचा ढग उठतो आणि पुढचे काही तास काही दिसत नाही.

जे दिसतंय ते वाचायचं कसं

पाण्याच्या वरचा भाग सगळे घाईने उरकतात आणि माझ्या मते पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण जमिनीवरची घाण तिथूनच आत शिरते. जॉईंटखाली गंजाचे किंवा पांढरे उभे ओघळ म्हणजे तिथून कधी ना कधी पाणी झिरपलंय. भिंत सगळीकडे कोरडी आणि एकाच जागी ओली चमकतेय तर आत्ताही झिरपतंय. केसासारखी बारीक मुळं दिसली तर फट नक्की आहे. शंका असेल तर कोरड्या दिवसांत एकदा आणि मोठ्या पावसानंतर एकदा असं दोनदा तीच खोली बघा, पावसानंतरच ओलं होत असेल तर ते वरचं पाणी.

मग पातळीजवळच्या आडव्या कड्या. पाणी जिथे दीर्घकाळ उभं राहिलं तिथे क्षारांची किंवा गंजाची कडी धरते. आजच्या पातळीच्या बरंच वर जुन्या कड्या असतील तर पातळी किती उतरलीय हे तिथेच मोजून घ्या. पाण्याच्या वर कुठूनतरी धार पडताना दिसली तर तीही लिहा, अशा धारेमुळे पाण्यात हवा मिसळते, नळाला दुधाळ पाणी येतं आणि मोटरही हवा खेचते.

केसिंगचं खालचं टोक म्हणजे जिथे पाईप संपतो आणि खडक सुरू होतो. इथे पाईप खडकात घट्ट बसलेला हवा. काळी फट, मातीचा ओघळ, खडकाचे सुटे तुकडे दिसले तर मोटरला वाळू किंवा माती कुठून येते याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

पाण्याखाली भिंतीवर नारिंगी-तपकिरी थर दिसला की लगेच गंज म्हणू नका. कॅमेरा किंचित खालीवर करा. पाण्याच्या हेलकाव्याने थर कापसासारखा हलला तर ती लोहजिवाणूंची बुळबुळीत वाढ, अजिबात हलला नाही तर कडक गंज किंवा खनिजाचा थर. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हा फरक लिहून ठेवा. लोहजिवाणूंपासून साधारणपणे आजार होत नाही, पण ते केसिंगच्या, पाणी आत येऊ देणाऱ्या जाळीची भोकं बुजवतात, वास आणतात आणि पाणी कमी करतात. काळा थर मँगनीजचा असू शकतो, काळा बुळबुळीत आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा संशय धरा. पांढरा किंवा राखाडी कडक थर बहुधा कॅल्शियमचा. पण नुसत्या रंगावरून पक्कं सांगता येत नाही, लॅबमधूनच खात्री होते.

लोखंडी केसिंगवर गंजाचे फोड दिसतात, त्यांच्या खाली पत्रा कितपत शिल्लक आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही एवढं लक्षात असू द्या. पीव्हीसी केसिंग गोल दिसतंय का अंडाकृती ते बघा, अंडाकृती म्हणजे बाहेरून दाब येतोय. मोटर जिथे टांगलेली होती त्या खोलीवर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या तर मोटर सुरू होताना दर वेळी पीळ घेऊन भिंतीवर आपटतेय, तिथली केबलही नीट तपासा, सोललेली असायची शक्यता खूप.

पाणी कुठून येतंय हे शोधायचं तर कॅमेरा स्थिर धरा आणि तरंगणाऱ्या कणांकडे बघत राहा. कण नुसते खाली बसत असतील तर तिथे प्रवाह नाही, आडवे सरकत असतील किंवा एखाद्या फटीसमोर भोवऱ्यात फिरत असतील तर तिथून पाणी येतंय किंवा तिथे जातंय. हे अर्धा मिनिट तरी न हलता बघावं लागतं, आणि मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त आनंद देणारा भाग हाच आहे, कारण इतके दिवस 'खाली कुठेतरी पाणी आहे' असं जे नुसतं म्हणत असतो त्याची नेमकी जागा पहिल्यांदा दिसते.

मोटर खाली पडली असेल तर वरून सरळ तिच्या तोंडाचा फोटो मापाच्या सळईसकट घ्या. वर पाईपचा आटा आहे, तुटलेला पाईप आहे, का दोरी आणि केबलचा गुंता बसलाय, यावरून काढायचं हत्यार ठरतं. हा एक फोटो मोटर काढणाऱ्या माणसाच्या हातात असला की आंधळेपणाने हूक फिरवून अजून नुकसान होत नाही.

उघड्या विहिरीचं वेगळं काय

इथे काठाजवळ उभं राहणंच धोक्याचं, जुनं बांधकाम पायाखाली ढासळू शकतं. लांब बांबू किंवा पाईप आडवा टाकून किंवा विहिरीवरून दोरी ताणून कॅमेरा त्यावरून सोडा आणि स्वतः मागे राहा. तोंड रुंद असल्याने एका फेरीत सगळी भिंत दिसत नाही, चार दिशांना चार फेऱ्या करा, प्रत्येक फेरी कोणत्या दिशेची ते आधी बोलून घ्या. कॅमेरा खाली न बघता भिंतीकडे बघेल असा आडवा बांधा आणि त्याला दोन दोऱ्या लावा म्हणजे फिरत नाही. पोट काढलेले दगड, सांध्यातली मुळं, बाजूने येणारे ओघळ हे बघायचं. वरच्या उन्हाच्या थरात शेवाळामुळे हिरवं आणि धूसर दिसलं तरी खाली गेल्यावर बऱ्याचदा एकदम स्वच्छ होतं, आणि गरम-गार पाण्याच्या सीमेवर चित्र थरथरतं, तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही.

अडकला तर

ओढायचं नाही. आधी अर्धा-एक मीटर खाली सोडा, बहुतेक अडकणं वरच्या बाजूला असतं आणि ढील दिली की सुटतं. दोरीला हलका पीळ देऊन कॅमेऱ्याची दिशा बदला, मग सावकाश वर घ्या. केबलला धरून ओढू नका, फक्त दोरी. दोन-चार वेळा करूनही नाही निघाला तर दोरी वर पक्की बांधून ठेवा आणि मोटर काढणाऱ्या माणसांना बोलवा. जोर लावून दोरी तुटली तर आत्ता हाताशी असलेलं टोकही जाईल.

काम झाल्यावर

विहीर उघडली, काहीतरी आत गेलं, म्हणजे निर्जंतुक करून घेणं आलं. आधी पाणी किती ते काढा: व्यास मीटरमधे घेऊन त्याचा वर्ग, गुणिले ०.७८५, गुणिले पाण्याची उंची मीटरमधे, गुणिले १०००, हे झाले लिटर. १५० मिलिमीटरच्या बोअरमधे मीटरला साधारण १७.७ लिटर बसतं, म्हणजे ४० मीटर पाणी असेल तर जवळपास ७०० लिटर. त्यात १०० पीपीएम क्लोरीन करायचं तर ५ टक्क्यांचं ब्लीच साधारण १.४ लिटर लागतं. ते बादलीभर पाण्यात मिसळून आत सोडा, मोटर परत बसवून तेच पाणी पाईपने विहिरीतच फिरवा, भिंती धुऊन निघतात, फिल्टर मात्र या काळात बायपास ठेवा. १२ ते २४ तास तसंच राहू द्या, तोवर हे पाणी प्यायचं नाही, आणि नंतर क्लोरीनचा वास जाईपर्यंत बाहेर सोडा, पण झाडांच्या मुळाशी, सेप्टिक टाकीत किंवा ओढ्यात नाही. क्लोरीन पूर्ण गेल्यावर आठवडाभराने कोलिफॉर्म आणि ई. कोलायची तपासणी करा आणि सुरुवातीला घेतलेल्या नमुन्याच्या रिपोर्टशी ताडून बघा. तपासणीचा निकाल येईपर्यंत पाणी उकळून घ्या.

त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, वहीतल्या नोंदी आणि व्हिडिओ समोर ठेवून एक उभी आकृती काढा: वर शून्य, मग जॉईंट, पातळी, केसिंगचं टोक, फटी, थर, गाळ, तळ, प्रत्येकासमोर मीटर आणि व्हिडिओतली वेळ. मूळ व्हिडिओ न कापता दोन ठिकाणी ठेवा. दुरुस्तीवाल्याला व्हिडिओच्या आधी ही आकृती द्या, तो ३२ मीटरचा जॉईंट म्हणाला की तुम्हीही त्याच जॉईंटबद्दल बोलत असाल.